वाटाण्यांनंतरचा मेंडेल : एका मठाधिपतीची १६ वर्षे

ग्रेगोर मेंडेल हे नाव आपण सर्वांनी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले आहे. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, ३:१ हे गुणोत्तर आणि कोपऱ्यातल्या चौकटीत एक चष्मा लावलेला साधू. पुस्तकातली त्याची गोष्ट १८६६ सालच्या निबंधापाशी थांबते आणि थेट १९०० मध्ये, तो जाऊन १६ वर्षे लोटल्यावर, पुन्हा सुरू होते. मधला माणूस त्या पानांत कुठेच नाही.

हा धागा त्या मधल्या माणसाविषयी आहे. १८६८ ते १८८४ या काळात मेंडेल हा ऑस्ट्रियन साम्राज्यातील एका सधन मठाचा अधिपती होता, जमीनदार होता, पुढे बँकेचा अध्यक्षही झाला. आणि आयुष्याची अखेरची दहा वर्षे तो आपल्याच सरकारशी एका कराच्या प्रश्नावरून भांडत होता. वाटाण्यांवर त्याने आठ वर्षे घालवली, या भांडणावर त्याहून अधिक. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रारंभ त्याच्या घरापासून करावा लागेल, कारण पुढे जमीनदार झालेल्या या माणसाचा बाप वेठबिगार होता.

१८२२ साली ऑस्ट्रियन सायलेशियातील हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात (आजच्या चेक प्रजासत्ताकातील हिंचित्से) योहान मेंडेलचा जन्म झाला. ‘ग्रेगोर’ हे नाव त्याला पुढे मठात मिळाले. वडील अँटोन हे कुणबी. जमीन कसायची स्वतःची, परंतु आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वा जंगलात फुकट राबायचे, असा त्या मुलखातला रिवाज. या वेठीला तिकडे ‘रोबोट’ म्हणत. यंत्रमानवासाठी आज आपण जो शब्द वापरतो, तो याच मुळातून आला आहे. १८३८ च्या सुमारास अशाच वेठीच्या कामावर असताना अँटोनच्या अंगावर झाड कोसळले आणि त्याची छाती कायमची अधू झाली.

योहान तेव्हा ओपावा येथील शाळेत शिकत होता. घरून येणारी मदत जवळजवळ थांबली. शिकवण्या करून आणि अर्धपोटी राहून त्याने शाळा पुरी केली. पुढे ओलोमोउत्स येथे तत्त्वज्ञानाच्या वर्गात जायचे, तर पैसे नव्हते. १८४१ मध्ये वडिलांनी शेत थोरल्या जावयाच्या हवाली केले. धाकटी बहीण थेरेसिया हिने आपल्या हुंड्याच्या वाट्यातली रक्कम भावाच्या शिक्षणासाठी सोडून दिली. हा प्रसंग प्रत्येक चरित्रात दोन ओळींत उरकला जातो. मला मात्र तो इतक्या घाईने ओलांडता येत नाही. त्या काळच्या खेड्यात मुलीचा हुंडा म्हणजे तिच्या सगळ्या भवितव्याची किंमत, आणि ही मुलगी तेव्हा वयानेही लहान होती.

१८४३ च्या ऑक्टोबरात, ओलोमोउत्सच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या शिफारशीवरून, मेंडेल ब्रनो शहरातील सेंट थॉमस मठात दाखल झाला. पुढे एका परीक्षेच्या अर्जासोबत त्याने आपली हकिकत लिहून दिली आहे. तीत देवाच्या हाकेचा उल्लेख नाही. पोटापाण्याच्या कडवट झगड्यातून सुटका होईल असे जिणे निवडणे भाग पडले, अशा अर्थाचे साधे निवेदन आहे. मला ते फार प्रामाणिक वाटते.

हा मठ कसा होता, हे समजल्याशिवाय पुढचे भांडण समजणार नाही.

सेंट थॉमस हा ऑगस्टिनियन पंथाचा मठ. मोराव्हियाचा मार्ग्रेव्ह योहान हेन्री याने १३५० मध्ये तो स्थापन केला. ऑगस्टिनियन हे मुळात भिक्षू परंपरेचे, त्यांच्या मठप्रमुखाला एरवी ‘ॲबट’ हा दर्जा नसतो. ब्रनोला मात्र तो मान १७५२ पासून होता. ॲबट म्हणजे आजन्म निवडलेला मठाधिपती. मठातील साधूंचा तो धर्मपिता, आणि त्याच वेळी मठाच्या साऱ्या जमीनजुमल्याचा कारभारी. प्रांताच्या राजकारणातही त्याला बड्या जमीनदारांच्या गटातून मत असे.

१७८० च्या दशकात सम्राट दुसरा जोसेफ याने साम्राज्यातील शेकडो मठ बंद केले. जे मठ शाळा चालवीत नाहीत, रुग्णांची सेवा करीत नाहीत, केवळ ध्यानधारणा करतात, ते राज्याला निरुपयोगी, हा त्याचा हिशेब. जप्त मालमत्तेतून एक ‘धर्मनिधी’ उभारण्यात आला. सेंट थॉमसचे साधू बचावले, पण १७८३ मध्ये त्यांना शहरातली आपली देखणी वास्तू सोडून जुन्या ब्रनोतील एका रिकाम्या करविलेल्या जोगिणींच्या मठात जावे लागले. आज पर्यटक मेंडेलचा म्हणून जो मठ पाहतात, तो असा दुसऱ्यांच्या विसर्जनातून मिळालेला आहे. पुढे सरकारने अटही घातली की, या साधूंनी शहरातील उच्च विद्यालयांत शिकवावे. विद्वान माणसे मठात घेणे हा अशा रीतीने पोट भरण्याचा आणि जीव वाचवण्याचा मार्ग झाला.

मठाधिपती सिरिल नाप्प याने ते धोरण फार हुशारीने राबविले. १८२४ पासून तो पदावर होता. मेंढ्यांच्या जातींची पैदास हा त्या प्रांताचा मोठा धंदा. वंशपरंपरेने नेमके काय उतरते आणि कसे उतरते, हा प्रश्न नाप्पने १८३० च्या दशकातच मेंढपाळीच्या चर्चेत उपस्थित केला होता. त्याच्या मठात तत्त्वज्ञ क्लात्सेल होता, संगीतकार क्रिशकोव्हस्की होता. एकांतात बसलेला अडाणी साधू योगायोगाने वाटाणे मोजू लागला, ही कल्पना मनातून काढून टाकलेली बरी.

१८४८ मध्ये युरोपभर क्रांतीचे वारे सुटले, तेव्हा या मठातल्या सहा साधूंनी एका अर्जावर सह्या केल्या. मठवासीयांनाही इतर नागरिकांप्रमाणे पूर्ण नागरी हक्क मिळावेत, ही मागणी. मसुदा क्लात्सेलचा, आणि सह्यांमध्ये एक सही २६ वर्षांच्या मेंडेलची. अर्जातून काही निष्पन्न झाले नाही. त्याच वर्षी साम्राज्यात वेठ मात्र रद्द झाली. अँटोन मेंडेल तेव्हा हयात होता.

मधली वीस वर्षे मी भरभर ओलांडतो, ती आपणास ठाऊक आहेत. रुग्णांची अंथरुणे पाहून हा तरुण पाद्री स्वतःच आजारी पडू लागला, म्हणून नाप्पने त्याला शिक्षकी पेशात घातले. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत तो १८५० मध्ये नापास झाला, मग दोन वर्षे व्हिएन्ना विद्यापीठात शिकला, १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसला आणि पुन्हा उत्तीर्ण होऊ शकला नाही. ज्या शाळेत तो चौदा वर्षे शिकवीत होता, तिथे तो अखेरपर्यंत बदली शिक्षकच राहिला. १८५६ ते १८६३ वाटाण्यांचे प्रयोग, सुमारे २८,००० रोपे. १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे दोन व्याख्याने. १८६६ मध्ये निबंध छापून आला. कोणी फारसे लक्ष दिले नाही.

२२ जुलै १८६७ रोजी नाप्प वारला. ३० मार्च १८६८ रोजी साधूंनी मेंडेलला मठाधिपती निवडले.

म्युनिचचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली याच्याशी मेंडेलचा पत्रव्यवहार चालू होता. निवडीनंतर महिनाभराने लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका साध्या मास्तराला एकाएकी अशा जागी आणून बसवले आहे, जिथले बरेच काही त्याला अनोळखी वाटते. प्रयोग चालूच राहतील, नव्या कामात रुळलो की अधिक वेळ मिळेल, अशी उमेदही त्यात आहे.

तसे घडले नाही. नेगेलीच्या आवडीच्या हॉकवीड या रानफुलावर त्याने संकराचे प्रयोग चालविले होते. फुले अतिशय बारीक, भिंगाने आणि आरशाने प्रकाश पाडून कलम करायची, त्यात डोळे बिघडले. शिवाय वाटाण्याचे नियम तिथे लागू पडेनात. त्याचे कारण आज ठाऊक आहे. हॉकवीडमध्ये पुष्कळदा परागीभवनाविनाच बी धरते, म्हणजे संकर होतच नाही. मेंडेलला हे कळण्याचा मार्ग नव्हता. १८७३ मध्ये नेगेलीला लिहिलेल्या पत्रात तो खंत व्यक्त करतो की, आपल्या झाडांकडे आणि मधमाश्यांकडे आपल्याला इतके दुर्लक्ष करावे लागत आहे. त्यानंतरचे पत्र उपलब्ध नाही.

‘मठाच्या कारभाराने एक शास्त्रज्ञ गिळला’, असे वाक्य यावरून सहज तयार होते आणि ते सर्वत्र फिरत असते. ते अर्धेच खरे आहे, असे माझे मत. गिळायला हॉकवीडनेही हातभार लावला. आणि मठाधिपती झाल्यावर मेंडेलचे कुतूहल विझले, असेही दिसत नाही. १३ ऑक्टोबर १८७० रोजी ब्रनोवरून चक्रवाताचा एक भोवरा गेला. त्याने मठाच्या खिडक्यांची तावदाने फुटली, छपरांची कौले खोल्यांत येऊन आदळली. मठाधिपतीने त्यात काय केले, तर भोवऱ्याची फिरण्याची दिशा नोंदवली आणि पुढच्या वर्षी त्यावर टिपण छापले. हवामानाच्या रोजच्या नोंदी त्याने अखेरच्या आजारापर्यंत ठेवल्या. बागेच्या वरच्या अंगाला मधमाश्यांचे घर बांधले आणि दूरदूरच्या देशांच्या माश्या मागवून त्यांच्यात संकर साधण्याची खटपट केली. मठाच्या सभागृहाच्या छतावर त्याने चित्रे काढवून घेतली, त्यांत संतांच्या शेजारी फळझाडांची कलमे आणि मधमाश्यांची पोळीही आहेत.

थेरेसियाचे ऋणही त्याने फेडले. तिच्या मुलांना त्याने ब्रनोत आणून शिकविले. दोघे भाचे पुढे डॉक्टर झाले. जन्मगावी अग्निशमन दल उभे राहिले, त्यालाही त्याने पैसे दिले. रविवारी भाच्यांशी बुद्धिबळ खेळणारा, पाहुण्याला बाग दाखविणारा, सतत चिरूट ओढणारा, अंगाने स्थूल होत चाललेला असा हा गृहस्थ होता. सरकारदरबारी वजन होते. १८७० च्या दशकाच्या प्रारंभी, मोराव्हियाच्या प्रांतिक सभेच्या निवडणुकीत, त्याने जर्मन उदारमतवाद्यांच्या बाजूने मत दिले. कॅथलिक मठाधिपतीकडून हे अपेक्षित नसे, बिशपांचा कल दुसरीकडे होता. १८७२ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफच्या नावाचा मोठा सन्मान त्याला मिळाला. पुढे मोराव्हियाच्या तारण बँकेच्या संचालक मंडळात तो उपाध्यक्ष आणि १८८१ मध्ये अध्यक्ष झाला.

आणि ज्यांना त्याने मत दिले, त्याच उदारमतवाद्यांनी तो कायदा केला.

७ मे १८७४ चा हा कायदा. पोपशी १८५५ मध्ये झालेला करार व्हिएन्नाने १८७० मध्ये मोडीत काढला होता. आता चर्च आणि राज्य यांचे संबंध नव्याने बांधायचे होते. कायद्याचा मथितार्थ असा : मठांनी आणि धर्मपीठांनी आपल्या मालमत्तेच्या मूल्यावर आकारलेली वर्गणी त्या जुन्या धर्मनिधीत भरावी. खर्च कशावर? मुख्यतः गावोगावच्या पाद्र्यांचे तुटपुंजे वेतन वाढविण्यावर. हा तपशील मेंडेलच्या गुणगौरवात बहुधा गाळला जातो. सरकार मठांचा पैसा तोफांसाठी मागत नव्हते. गर्भश्रीमंत मठांनी गरीब पाद्र्यांना पोसावे, असे म्हणत होते. ज्या तऱ्हेच्या खेड्यात मेंडेल वाढला, तिथल्याच पाद्र्यांना.

सेंट थॉमसवर आकारणी झाली वर्षाला ७,००० गुल्डनांहून अधिक. मेंडेलने १८७५ मध्ये उत्तर दिले की, धर्मनिधीच्या गरजेकडे पाहून मठ २,००० गुल्डन स्वेच्छेने देईल. ‘स्वेच्छेने’ या शब्दावर सारे प्रकरण उभे आहे. सरकारने ती रक्कम नाकारली. वर्गणी म्हणून सरकार ती घेईना, आणि कर म्हणून मेंडेल एक पैही देईना.

त्याचा युक्तिवाद धार्मिक नव्हता, कायदेशीर होता. राज्यघटनेने मान्यताप्राप्त धर्मसंस्थांच्या मालमत्तेची हमी दिली आहे, तिच्याशी हा कायदा विसंगत आहे, सबब मठाला तो बंधनकारक नाही. १८४८ मध्ये नागरी हक्क मागणाऱ्या अर्जावर सही करणारा तरुण इथे मला पुन्हा दिसतो. फरक इतकाच की, आता तो स्वतः जमीनदार आहे.

हे भय निव्वळ काल्पनिक नव्हते. मेंडेल ज्या इमारतीत राहत होता, ती बंद पाडलेल्या मठाची होती, हे वर आलेच आहे. आणि याच पंथाचा एक मठ आपल्या अगदी जवळ आहे. जुन्या गोव्यात मोन्ते सांतो टेकडीवर लाल जांभ्या दगडाचा जो ४६ मीटर उंच, अर्धा ढासळलेला मनोरा उभा आहे, तो ऑगस्टिनियनांच्या चर्चचा. १६०२ साली बांधलेल्या त्या चर्चशेजारी त्यांचा भव्य मठ होता. पोर्तुगालने १८३४ मध्ये धार्मिक पंथ बरखास्त केले, गोव्यात १८३५ मध्ये ऑगस्टिनियनांना घालवून दिले. देखभालीवाचून १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला. पर्यटक तिथे उभे राहून छायाचित्रे घेतात, तेव्हा ते सरकारी हुकुमाचा परिणाम पाहत असतात. ब्रनोतला वाद वर्षाच्या सात हजारांचा होता खरा. परंतु एकदा मालमत्तेवर हात टाकण्याचा हक्क मान्य केला की पुढे काय होते, याची उदाहरणे त्या पिढीच्या साधूंना पुस्तकात शोधावी लागत नव्हती.

सरकारने मग जप्तीचा मार्ग धरला. मठाच्या इस्टेटींच्या उत्पन्नातून वर्गणी वसूल होऊ लागली. मेंडेल प्रत्येक वसुलीला लेखी विरोध नोंदवीत राहिला. अर्ज, हरकती, पुन्हा अर्ज. एकेका अर्जात कलमांचा कीस. आरंभी इतर मठांनीही कुरकुर केली होती. त्यांनी एकामागून एक तडजोड केली. ब्रनोचा मठाधिपती एकटा उरला. १८७९ मध्ये उदारमतवादी सत्तेवरून गेले, टाफे यांचे चर्चधार्जिणे मंत्रिमंडळ आले, तरी कायदा जागच्या जागी राहिला. उत्पन्न आटलेल्या मठातील साधूही या लढ्याला कंटाळले असावेत. स्नेह्यांनी समजावून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही. चरित्रकार लिहितात की, या वर्षांत तो संशयी झाला, समजूत घालणाऱ्या मित्रांत त्याला फितुरी दिसू लागली.

तो बरोबर होता काय? कायद्याच्या दृष्टीने तो हरला. नैतिक दृष्टीनेही माझे मन सरकारच्या बाजूला थोडे अधिक झुकते, हे मान्य करतो. दोन हजार मोठ्या मनाने देणारा माणूस गरीब पाद्र्यांच्या वाट्याचे सात हजार हक्काच्या नावाखाली अडवून धरतो, याचे मला अवघडलेपण वाटते. पण अठ्ठावीस हजार रोपे मोजणारा आणि दहा वर्षांत एकही अर्ज न चुकविणारा, हे दोन वेगळे मेंडेल नाहीत. आकडा जुळत नसेल तर तो खोटा, मग समोर विद्यापीठाचा प्राध्यापक असो वा व्हिएन्नाचा मंत्री, असा त्याचा स्वभाव होता. हॉकवीडपुढे आणि मंत्रालयापुढे तो एकाच पद्धतीने हरला.

१८८३ मध्ये मूत्रपिंडाचा विकार बळावला, पाय सुजले, हृदय थकले. आपले शवविच्छेदन करावे असे त्याने सांगून ठेवले होते. जिवंतपणी पुरले जाण्याची धास्ती त्या काळी पुष्कळांना असे. ६ जानेवारी १८८४ रोजी तो गेला. अंत्यविधीच्या संगीताचे संचालन लेओश यानाचेक याने केले. पुढे जगभर गाजलेला हा चेक संगीतकार लहानपणी याच मठाच्या गानवृंदात वाढला होता. शहराने एका दानशूर धर्मगुरूला, फळबागांच्या जाणकाराला, बँकेच्या अध्यक्षाला निरोप दिला. आनुवंशिकतेच्या संशोधकाला निरोप द्यायला अजून कोणाला काही ठाऊकच नव्हते.

नंतरचा मठाधिपती अन्सेल्म रामबौसेक याने कराचा वाद मिटवून टाकला. मेंडेलचे खाजगी कागद त्याच्या मृत्यूनंतर मठाच्या आवारात जाळले गेले, असे सांगितले जाते. कसेही असो, प्रयोगांच्या वह्या आज नाहीत. काही सुटी टिपणे सोडली तर वाटाण्यांच्या आठ वर्षांचा हिशेब छापील निबंधापुरताच उरला आहे. कराच्या भांडणाचे कागद मात्र शिल्लक राहिले, कारण त्यांची एक प्रत सरकारकडे होती.

दप्तरखान्यात काम केलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही. पुण्यात पेशवे दप्तरात पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या मनात मोहिमा आणि खलिते होते. समोर आले ते जमाखर्च, वसुली, तगाद्यांचे कागद. ज्याच्याकडून काही येणे असते, त्याची नोंद राज्य जपून ठेवते. मेंडेलच्या वाटाण्यांवर कोणाचे काही येणे नव्हते.

विज्ञानाची जी पत्रे वाचली, तीही मठाबाहेर पडली म्हणूनच. नेगेलीला गेलेली पत्रे म्युनिचला राहिली. १९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा प्रकाशात आणणाऱ्यांपैकी कार्ल कोरेन्स हा नेगेलीचाच विद्यार्थी. त्याने ती १९०५ मध्ये प्रसिद्ध केली. उरलेला मेंडेल ब्रनोचे शिक्षक हुगो इल्टिस यांनी गोळा केला. मठाधिपतीला पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांना भेटून, कराच्या अर्जांसकट कागद चाळून, त्यांनी १९२४ मध्ये पहिले सविस्तर चरित्र जर्मन भाषेत लिहिले. इल्टिस ज्यू होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस नाझींमुळे त्यांना अमेरिकेला निघून जावे लागले.

१९१० मध्ये मठासमोरच्या चौकात मेंडेलचा संगमरवरी पुतळा बसला आणि चौकाला त्याचे नाव मिळाले. १९५० मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट राजवटीने देशभरातले मठ एका झपाट्यात बंद केले. सेंट थॉमसचे साधूही हलविले गेले आणि मालमत्ता राज्याने घेतली. या वेळी वर्गणी किती, स्वेच्छेने की सक्तीने, असा प्रश्नच कोणी विचारला नाही. सोव्हिएत प्रभावाच्या त्या वर्षांत लिसेंकोच्या मतांची चलती होती आणि ‘मेंडेलवादी’ ही शिवी होती. चौकातला पुतळा तिथून हलवून मठाच्या बागेत ठेवण्यात आला. १९८९ नंतर साधू परतले. चौकाला आजही मेंडेलचेच नाव आहे, पुतळा मात्र आत बागेत, वाटाण्यांच्या जुन्या जागेजवळच उभा आहे.